संगणकाचा वेग आणि उष्णतेची वाट

मनुष्यास वेगाची हौस उपजतच असते. पायीं चालणाऱ्यास सायकल हवी असते, सायकलवाल्यास मोटारसायकल. आणि मोटारसायकल हातीं येतांच ती इतरांच्या पुढें कशी काढतां येईल याचा विचार सुरू होतो. आमच्या विद्यार्थ्यांत या हौसेनें अलीकडे एक नवें रूप घेतलें आहे. घरच्या स्वस्त संगणकाचा प्रोसेसर कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालविणें, ज्यास ओव्हरक्लॉकिंग असें म्हणतात, त्याचीच चर्चा मधल्या सुटींत ऐकूं येते. कोणाचा संगणक किती मेगाहर्ट्झ चढला, यावर पैजा लागतात. वडीलधाऱ्या मंडळींस हा निव्वळ पोरखेळ वाटतो, व "यंत्रास हात लावूं नका" एवढें बजावून तीं मोकळीं होतात. मुलांस वाटतें कीं, वडिलांस यांतलें कांहींच कळत नाहीं. आमच्या मतें या दोन्ही पक्षांचें थोडथोडें चुकतें. तें कसें, हें सकारण मांडावें एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच.

प्रथम ही क्रिया म्हणजे काय तें पाहूं. प्रोसेसर हें संगणकाचें गणित करणारें अंग होय. लेझीम खेळणारीं मुलें जशीं हलगीच्या ठोक्यावर पाऊल टाकतात, तसें त्याचें प्रत्येक काम एका ठोक्यावर होत असतें. मदरबोर्डावर एक मूळ ठोका चालूं असतो, आणि प्रोसेसर त्याची ठराविक पट करून घेतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ व पट ३६ असली, तर वेग ३६०० मेगाहर्ट्झ झाला, म्हणजे एका सेकंदांत ३६० कोटि ठोके. हलगी जलद वाजविली कीं पावलेंही जलद पडतात. परंतु एका मर्यादेपुढें कोणाचें तरी पाऊल चुकतें व सारी रांग विस्कटते. प्रोसेसरांतही तेंच घडतें. ठोके फार जलद झाले, म्हणजे विजेच्या संकेतांस ठरल्या जागीं पोंचण्यास वेळ पुरत नाहीं. तो वेळ भरून काढण्यासाठीं व्होल्टेज वाढवावें लागतें. आणि येथेंच उष्णता घरांत शिरते.

मुलांची ही हौस अगदींच निराधार आहे, असें मात्र कोणी समजूं नये. १९९८ सालीं इंटेल कंपनीनें सेलेरॉन ३०० ए नांवाचा एक स्वस्त प्रोसेसर विक्रीस आणला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, पट साडेचार व वेग ३०० मेगाहर्ट्झ असे. मदरबोर्डावरील मूळ ठोका १०० वर नेला कीं तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि त्याचे पुष्कळ नग तेथें बिनतक्रार टिकत. अधिक पैसा न मोजतां दीडपट वेग! पुढें २००० च्या सुमारास ए. एम. डी. कंपनीच्या ड्युरॉन प्रोसेसरावरील तुटक सांधे साध्या शिसपेन्सिलीच्या रेघेनें जोडून त्याची पट बदलण्याची युक्ति जगभरच्या हौशी मंडळींत प्रसिद्ध झाली. याचें कारण असें कीं, एकाच कारखान्यांतून एकाच जातीचे सिलिकॉनचे तुकडे निघतात; त्यांपैकीं कित्येक तुकडे महाग मालाइतके सक्षम असूनही स्वस्त नांवानें विकले जातात. त्यांतली ही शिल्लक शोधून काढणें म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगचा खरा आनंद.

तथापि ते दिवस आतां पालटले आहेत. ही शिल्लक ग्राहकाच्या हातीं ठेवण्याऐवजीं कारखानेच ती वापरूं लागले आहेत. २००८ सालीं इंटेलनें आपल्या नव्या प्रोसेसरांत टर्बो बूस्ट नांवाची योजना आणली. तीप्रमाणें काम वाढलें व तापमान बेताचें असलें, तर प्रोसेसर आपला वेग आपणच वाढवितो, आणि तापला कीं आपणच कमी करितो. आज बाजारांत मिळणारा बहुतेक प्रत्येक प्रोसेसर याच रीतीनें चालतो. शिवाय इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरांची पट बांधून टाकलेली असते. ए. एम. डी. च्या रायझेन जातीच्या बहुतेक प्रोसेसरांत ती मोकळी असली, तरी त्यांसाठींचे अगदीं स्वस्त मदरबोर्ड ती बदलूं देत नाहींत. तेव्हां आज हातानें वेग वाढवून पदरीं पडणारा लाभ पूर्वीच्या मानानें फारच थोडा आहे. त्याची किंमत मात्र पूर्वींइतकीच आहे. ती किंमत म्हणजे उष्णता.

या उष्णतेचें गणित नववीच्या विद्यार्थ्यासही करतां येण्यासारखें आहे. प्रोसेसर काम करीत असतां जी वीज खातो ती बव्हंशीं वेगाच्या प्रमाणांत, व व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, वेग २० टक्क्यांनीं वाढविला, आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १० टक्क्यांनीं वाढविलें. आतां १.२ ला १.१ च्या वर्गानें, म्हणजे १.२१ नें, गुणा. उत्तर १.४५ येतें. वेग वाढला २० टक्के, उष्णता वाढली ४५ टक्के. ६५ वॅटचा प्रोसेसर ९४ वॅटवर गेला. कपड्यांची इस्त्री याहून कितीतरी अधिक वीज खाते हें खरें. परंतु तिची उष्णता तळहाताहून मोठ्या तव्यावर पसरलेली असते, आणि प्रोसेसरची नखाएवढ्या तुकड्यांतून बाहेर पडावयाची असते. त्यामुळें दर चौरस सेंटिमीटरास निघणारी उष्णता इस्त्रीच्या कितीतरी पट होते.

या गणितापुढें मोठमोठ्यांनाही नमावें लागलें आहे. इंटेलनें आपला पेंटियम ४ हा प्रोसेसर ४००० मेगाहर्ट्झवर नेण्याचें जाहीर केलें होतें. परंतु वेगाबरोबर उष्णता आवरेना, आणि २००४ च्या ऑक्टोबर महिन्यांत तो बेत सोडून द्यावा लागला. कंपनीचे तेव्हांचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनीं एका सभेंत व्यासपीठावर विनोदानें गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. यानंतर कारखान्यांनीं एकाच गणितज्ञास धांवडविण्याऐवजीं एका प्रोसेसरांत दोन, चार, आठ गणितज्ञ बसविण्याचा मार्ग धरला. ज्यांच्यापाशीं अपार द्रव्य व कसलेले शास्त्रज्ञ, त्यांची ही कथा; मग आपल्या घरच्या टेबलावरील यंत्राची काय कथा!

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. ओव्हरक्लॉकिंगविषयींच्या सूचना मुलें वाचतात त्या बहुधा थंड देशांत लिहिलेल्या असतात. तेथें खोलीचें तापमान २० ते २५ अंश धरलेलें असतें. आपल्या धाराशिवास वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याच्या घरांत दुपारीं काय होतें तें सांगावयास नकोच. पंखा व हीटसिंक यांची जोडी प्रोसेसरास अमुक एका तापमानावर ठेवीत नाहीं. ती त्यास भोंवतालच्या हवेपेक्षां अमुक इतक्या अंशांनीं वर ठेवते. समजा, भर कामांत हा फरक ४५ अंशांचा आहे. २५ अंशांच्या खोलींत प्रोसेसर ७० वर राहील. आपल्याकडील ४२ अंशांच्या खोलींत तो ८७ वर जाईल. आतां वरच्या हिशेबाप्रमाणें उष्णता ४५ टक्क्यांनीं वाढवा. फरक ४५ चा ६५ होईल. थंड देशांतला प्रोसेसर ९० वर जाऊन कसाबसा निभावेल; आपला १०७ वर जाऊं पाहील. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तेथें पोंचतांच तो आपला वेग आपणच तोडतो, आणि तरीही निभावलें नाहीं तर संगणक बंद पडतो. म्हणजे जो वेग आपण हौसेनें चढविला, तो वैशाखाच्या दुपारीं उतरतो. आणि पुष्कळदां मूळच्या वेगाच्याही खालीं उतरतो.

येथें एका चौकस विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, माठांतलें पाणी बाहेरच्या हवेपेक्षां गार होतें, मग पंख्यानें प्रोसेसर हवेपेक्षां गार कां होत नाहीं?" प्रश्न उत्तम आहे. माठाच्या अंगांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते, आणि ती वाफ होतांना आंतली उष्णता घेऊन जाते. प्रोसेसरावर कांहींच पाझरत नाहीं. तेथें वारा केवळ उष्णता वाहून नेतो, आणि वाऱ्यानें कोणतीही कोरडी वस्तु वाऱ्याहून गार होत नाहीं. मात्र यावरून कोणी कॅबिनेटवर ओलें फडकें किंवा बर्फाची पिशवी ठेवूं नये. पाणी आणि वीज यांची गांठ पडली कीं यंत्रही जातें आणि जिवासही धोका होतो. कूलरचा झोतही थेट कॅबिनेटवर सोडूं नये; त्याच्या जाळींतून उडणारे क्षारयुक्त तुषार मदरबोर्डास घातक ठरतात.

आम्हीं हें सर्व लिहावयास ज्या प्रसंगानें प्रवृत्त झालों, तो आतां सांगतों. गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. नववींतला एक विद्यार्थी, भूम तालुक्यांतील एका खेड्यांतला. वडील खव्याची भट्टी चालवितात. पै पै साठवून त्यांनीं मुलांसाठीं एक जुना संगणक घेतला होता. थोरली बहीण त्यावर टंकलेखनाचीं कामें घेऊन घरास हातभार लावी. संगणक मंद चालतो, म्हणून या मुलानें फाल्गुनांत त्याचा वेग व व्होल्टेज वाढविलें. पहिला आठवडा मोठ्या आनंदाचा गेला. चैत्र लागला, आणि यंत्र दुपारीं बंद पडूं लागलें. मग एके दिवशीं बहिणीनें सकाळपासून टंकलेलें सारें लेखन बिघडलेलें निघालें. तिनें कांहीं म्हटलें नाहीं. रात्रीं जागून तिनें तें पुन्हां लिहून काढलें. वडील म्हणाले, आतां हें विकून टाकूं. मुलगा मात्र दोन दिवस जेवला नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं कॅबिनेट चादरींत गुंडाळून, एस. टी. नें, शाळेंत घेऊन आला.

आम्हीं दोघांनीं मिळून तें उघडलें. हीटसिंकच्या पात्यांमध्यें घोंगडीसारखा जाड थर बसला होता. सोयाबीनच्या मळणीची धूळ, घरची राख, आणि तेलकट धुरानें त्यांचा झालेला लगदा. प्रोसेसर व हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली होती. प्रथम आम्हीं मुलानें केलेले सर्व बदल काढून कारखान्याचा मूळ वेग परत आणला, आणि कांहींही न पुसतां यंत्र भर कामास लावलें. कांहीं मिनिटांतच तापमान ९८ अंशांवर गेलें, आणि ३६०० चा वेग २४०० वर घसरला. मग यंत्र बंद करून, वीज तोडून, मऊ कुंचल्यानें सर्व धूळ काढली. जुनी पेस्ट पुसून नवी लाविली. आणि त्याच खोलींत त्याच दुपारीं तीच परीक्षा पुन्हां घेतली. तापमान ७४ वर थांबलें, आणि वेग ३६०० वरून हलला नाहीं.

मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. जो वेग मिळविण्यासाठीं त्यानें बहिणीचें काम धोक्यांत घातलें, तो वेग त्याच्या यंत्रांत मूळचाच होता. वडिलांनीं त्याचे पैसे केव्हांच मोजले होते. उष्णता तो चोरून नेत होती, एवढेंच. दुसऱ्या दिवशीं वडील कॅबिनेट न्यावयास आले, तेव्हां त्यांना हें सर्व सांगितलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, "गुरुजी, हे तर आमच्या भट्टीसारखंच झालं. जाळ वाढवला की हात थांबवून चालत नाही. थांबला की खवा बुडाला लागतो." आम्हीं पुस्तकें चाळून जें सांगितलें, तें त्या गृहस्थांनीं एका वाक्यांत सांगितलें. यंत्र विकावयाचा विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

आमचें मत यावरून स्पष्ट होईल. पुष्कळदां वेग वाढवावा लागत नाहीं. उष्णतेनें नेलेला वेग परत आणावा लागतो. म्हणून ज्यास ओव्हरक्लॉकिंग करावयाचें असेल, त्यानें आधीं आपल्या यंत्रास थंड ठेवण्याची विद्या शिकावी. तिचा क्रम असा असावा. पहिलें काम मोजण्याचें. तापमान व वेग दाखविणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. त्यांच्या साहाय्यानें विसावा असतांना व भर कामांत किती अंश होतात, तें वहींत लिहावें, आणि शेजारीं खोलीचें तापमानही लिहावें. दुसरें काम स्वच्छतेचें. धूळ काढतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. वाऱ्याच्या झोतानें तीं भरधांव फिरवूं नयेत. तिसरें काम पेस्टचें. धातूच्या दोन पृष्ठांमध्यें डोळ्यांस न दिसणाऱ्या फटी राहतात व त्यांत हवा असते; आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. त्या फटी भरण्यापुरतीच पेस्ट हवी. वाटाण्याएवढी पुरे; भाकरीवर लोणी थापावें तशी थापूं नये. दंतमंजनाची पेस्ट लावून पाहणारेही आढळतात. ती लवकरच वाळून निरुपयोगी होते. चौथें काम वाट करून देण्याचें. कॅबिनेटमध्यें पुढून गार हवा यावी व मागून तप्त हवा जावी. तें भिंतीस चिकटवून अथवा लांकडी कपाटांत कोंडून ठेवूं नये; आणि धूळ बसूं नये म्हणून घरोघरीं जो भरतकामाचा रुमाल त्यावर घालतात, तो यंत्र चालूं असतां अवश्य काढावा.

हीं चार कामें झाल्यावरही कोणास वेग वाढवून पाहावयाचा असेल, तर आम्ही त्यास अडविणार नाहीं. त्यानें तें कार्तिकानंतरच्या थंडींत करावें, थोडथोडा वेग चढवावा, दर पायरीस तासभर परीक्षा घ्यावी, आणि फाल्गुनांत मूळ वेगावर परत यावें. घरांतील दुसऱ्या कोणाचें काम ज्या यंत्रावर अवलंबून आहे, त्यावर मात्र हा प्रयोग मुळींच करूं नये. कारण ताणलेला प्रोसेसर नेहमींच बंद पडतो असें नाहीं. कधीं कधीं तो निमूटपणें चुकीचें उत्तर देतो, आणि चुकीचें उत्तर देणाऱ्या जलद सेवकापेक्षां खरें बोलणारा सावकाश सेवक केव्हांही बरा. ज्यांस या कलेचा उलट अंग पाहावयाचा आहे, त्यांनीं वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडें उतरवून पाहावें. तें १० टक्क्यांनीं उतरलें आणि यंत्र स्थिर राहिलें, तर उष्णता सुमारें १९ टक्क्यांनीं कमी होते. आमच्या जिल्ह्याच्या हवेस ही युक्ति अधिक मानवते.

उष्णतेचा हा विचार केवळ गरिबाच्या यंत्रापुरता आहे, असेंही नाहीं. पुण्याच्या आयसर संस्थेंत परम ब्रह्म नांवाचा महासंगणक आहे. त्याच्या प्रोसेसरांची उष्णता नेण्यास वारा पुरत नाहीं, म्हणून नळ्यांतून द्रव खेळवून ती वाहून नेली जाते. अशा ठिकाणीं थंड ठेवण्याची व्यवस्था ही यंत्रास मागाहून दिलेली जोड नसते. ती यंत्राचाच भाग समजली जाते.

आणि हें तत्त्व शिकावयास पुण्यापर्यंत तरी कां जावें? आपल्या शाळांच्या सहली नळदुर्गास जातात. तेथें बोरी नदीवर किल्ल्याचें जें धरण आहे, त्याच्या भिंतीच्या पोटांतच पाणीमहाल बांधलेला आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींतला. पावसाळ्यांत नर व मादी या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या दोन वाटांनीं पाणी गर्जना करीत कोसळतें, आणि आंत महालांत उभा राहिलेला मनुष्य तें खिडकींतून कोरड्या अंगानें पाहतो. चारशें वर्षें ती भिंत उभी आहे. ती जाड आहे म्हणून टिकली, असें मुलांस वाटतें. आमच्या मतें, पाणी अडविणाऱ्यानें अधिक झालेल्या पाण्यास आधींच वाट करून दिली, म्हणूनही ती टिकली. प्रोसेसरांत उष्णता येणारच. तिला वाट ठेवली आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो.

शेवटीं वडीलधाऱ्या मंडळींस व शाळाचालकांस एक विनंति. मुलांस यंत्र उघडूं न देणें हा उपाय नव्हे. तीं चोरून उघडतील, आणि चोरून केलेल्या कामांत मोजमाप राहत नाहीं. शाळेंतील एक निकामी संगणक वरच्या वर्गांच्या हवालीं करावा. त्यावर त्यांनीं हवें तें करून पाहावें. आणि संगणककक्षासाठीं वर्षांतून दोन दिवस नेमावेत; एक सोयाबीनची मळणी आटोपल्यावर दिवाळीनंतर, व दुसरा उन्हाळा लागण्यापूर्वीं. त्या दिवशीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं विद्यार्थ्यांनींच सर्व यंत्रें पुसावीं, आणि आधींचें व नंतरचें तापमान फळ्यावर लिहावें. मंद झालीं म्हणून मोडींत काढावयाचीं ठरविलेलीं कित्येक यंत्रें त्या दिवशीं वांचतील, असा आमचा भरंवसा आहे.

शुभवर्तमानांत बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा एक दाखला आहे. शहाणा मनुष्य आधीं बसून खर्च पुरेल कीं नाहीं याचा हिशेब करितो, अशी त्याची शिकवण. वेगाच्या बुरुजासही तोच नियम लागूं आहे. त्याचा खर्च रुपयांत नव्हे, अंशांत मोजावयाचा, एवढाच काय तो भेद. असो. तो नववींतला मुलगा आतां दहावींत आहे. त्याच्या संगणकाचा वेग ३६०० आहे. पहिल्या दिवशीं होता तेवढाच. कॅबिनेटजवळ एक वही असते व तींत रोजचे अंश लिहिलेले असतात. त्या वहींतलें अर्धें अक्षर त्याच्या बहिणीचें आहे.